वडिलांचे सहा लाख रुपये आणि कंपवातावरील संशोधन : देणगी नेमकी कुठे द्यावी?

गोदाकाठ

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार असल्याचे निदान झाले आणि पुढची तेरा वर्षे त्यांनी तो सोसला. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. कपाटातील पाकिटात सहा लाख रुपयांची मुदत ठेव आणि एक चिठ्ठी सापडली : "हे पैसे या आजाराच्या शोधासाठी. देवळाला नकोत, माझ्या नावाचा बाकही नको." ही चिठ्ठी वाचण्यासाठी आम्हाला भिंग आणावे लागले, कारण या आजारात अक्षर आकसत जाते. ज्या माणसाने आयुष्यभर नकाशांवर गट क्रमांक रेखीवपणे लिहिले, त्याची सही जुळत नाही म्हणून एका बँकेच्या खिडकीवरून त्याला तीनदा परत पाठवले गेले होते. तो दिवस आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

चिठ्ठीबरोबर सात वह्या मिळाल्या. मोजणीचा माणूस असल्यामुळे त्यांनी आजारही मोजला. सकाळी गोळी केव्हा घेतली, शरीर केव्हा मोकळे झाले, पुन्हा केव्हा पाय जमिनीला चिकटले, हे सगळे त्यांनी पेन्सिलीने वेळेसह लिहून ठेवले आहे. त्यासाठी त्यांचे दोनच शब्द होते, "सुटलो" आणि "अडकलो". पहिल्या वहीत गोळी घेतल्यावर पाऊण तासाने आलेले "सुटलो" पुढे चार-पाच तास टिकते. सहाव्या वहीत ते दीड तासाच्या आत संपते आणि समासात "हात आपोआप नाचतो" असे शेरे दिसू लागतात.

या वर्षभरात मी जे वाचले, त्यातील एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांची वर्णने देऊन या आजारावर निबंध लिहिला. लेव्होडोपा हे औषध अमेरिकेत १९७० साली मान्य झाले आणि आजही सर्वांत परिणामकारक गोळी तीच आहे. ती मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाची उणीव भरून काढते. डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास मात्र ती थांबवत नाही. तो ऱ्हास थांबवणारे किंवा मंदावणारे, निर्विवाद सिद्ध झालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. वडिलांच्या चिठ्ठीतील "शोध" हा शब्द मी याच अर्थाने घेते.

माझे प्रश्न असे. एवढ्या रकमेने संशोधनात खरोखर काही फरक पडतो का? पैसे परदेशातील मोठ्या संस्थेकडे पाठवावेत की भारतातच द्यावेत? आणि भारतात द्यायचे तर कोणत्या कामासाठी? करसवलत हा आमच्या दृष्टीने गौण मुद्दा आहे.

अबोली_पुणे

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. मी नऊ वर्षे शुभंकर आहे. माझे यजमान शुभार्थी आहेत. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात काळजीवाहक म्हणजे शुभंकर आणि रुग्ण म्हणजे शुभार्थी, असे शब्द रूढ आहेत, आणि मला ते फार जवळचे वाटतात.)

तुमच्या मनाला लागेल, तरीही वेगळे मत मांडते. आमच्या ओळखीच्या एक बाई महिनाअखेरीस गोळीचे दोन तुकडे करून नवऱ्याला अर्धी-अर्धी देतात. गिळण्याचा त्रास सुरू झालेल्या माणसाला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे नेण्यासाठी तालुक्याहून जिल्ह्याला जावे लागते, आणि जिल्ह्यातही असा तज्ज्ञ असेलच असे नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च कित्येक लाखांत जातो. अशा वेळी सहा लाख रुपयांत किती जणांचे वर्ष सुसह्य होईल याचा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहतो, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांचा राहत नाही. मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून आधारगट चालवते आणि त्यात विनाशुल्क व्यायाम घेतले जातात. अशा कामाला दिलेला रुपया आजच्या माणसापर्यंत आज पोहोचतो.

संशोधनालाच द्यायचे ठरले असेल, तर निदान एवढे पाहा की ते काम शुभार्थींच्या रोजच्या अडचणींचे असावे : दारात पाऊल गोठते तेव्हा काय करावे, मराठीतून वाचा-उपचार कसे द्यावेत, खेड्यातल्या घरात पडणे कसे टाळावे. या विषयांवरही शास्त्रीय अभ्यास लागतोच आणि त्यांना पैसा मिळणे फार कठीण असते.

काजवा

मी चेताविज्ञानाच्या (न्यूरोसायन्सच्या) प्रयोगशाळेत काम करतो. त्यामुळे माझे मत संशोधनाच्या बाजूने झुकलेले असणार, हे ध्यानात घेऊन पुढील मजकूर वाचावा.

अबोलीताईंनी सांगितलेली निकड खरी आहे. तरीही ज्या लेव्होडोपाच्या अर्ध्या गोळीबद्दल त्यांनी लिहिले, ती गोळी अस्तित्वात कशी आली हे सांगणे मला आवश्यक वाटते. सर्पगंधा ही आपली जुनी वनौषधी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रिसर्पिन दिलेले ससे निश्चल पडतात, आणि लेव्होडोपा टोचल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते हे व्हिएन्नात १९६० साली सिद्ध झाले, आणि तेही मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या तपासणीतून. लेव्होडोपा तोंडावाटे हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली मांडली. ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर चालणाऱ्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत होते आणि चिलीमधील खाणकामगारांना होणाऱ्या, कंपवातासारखी लक्षणे दाखवणाऱ्या मँगेनीजच्या विषबाधेचा अभ्यास करत होते.

या साखळीतील पहिल्या कामाला पैसा देणाऱ्यांपैकी कोणालाही कंपवाताची गोळी हवी नव्हती. रक्तदाबाच्या अभ्यासातून निघालेली वाट सशांवरून आणि खाणकामगारांवरून जात तुमच्या वडिलांच्या सकाळच्या "सुटलो"पर्यंत आली. त्यामुळे "मला औषध शोधणाऱ्यालाच पैसे द्यायचे आहेत" असा आग्रह धरणाऱ्या दात्याला मी नेहमी थोडे थांबायला सांगतो.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. अपयश फार आहे. मधुमेहावरील एक्झेनटाइड या औषधाने सुमारे साठ रुग्णांवरील चाचणीत २०१७ साली मोठी आशा निर्माण केली. १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२५ साली आला, तो नकारार्थी. आपल्या मुंबईच्या सन फार्मा ॲडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने व्होडोबॅटिनिब हा रेणू अनेक देशांतील रुग्णांवर तपासला आणि २०२४ साली तोही उपयोगी नसल्याचे दिसून आले. क्रिएटिन, आयनोसिन, इस्राडिपिन यांचीही हीच गत झाली. हा पैसा वाया गेला असे मी मानत नाही, कारण त्या चाचण्या झाल्या नसत्या तर आज हजारो लोक निरुपयोगी गोळ्या विकत घेत राहिले असते. परंतु जो दाता हे अपयश सोसायला तयार नाही, त्याने अबोलीताईंचा मार्ग धरावा. त्यात कमीपणा अजिबात नाही.

आता रकमेविषयी. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता धरला तर सहा लाखांत एका संशोधक विद्यार्थ्याचे सुमारे एक वर्ष निघते. हे वर्ष लहान समजू नका. एका प्रकल्पात सात महिने विद्यावेतन न आल्यामुळे माझी एक हुशार सहकारी माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीत निघून गेली. तिने प्रयोगशाळेत वाढवून सांभाळलेल्या पेशी पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून वाढवाव्या लागल्या. आपला देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले, पण त्यातला मोठा वाटा बिगरसरकारी स्रोतांकडून अपेक्षित आहे. म्हणजे शेवटी गाडी तुमच्या-आमच्यापाशीच येऊन थांबते.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि येथील मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनला गेली काही वर्षे देणगी देतो, त्यामुळे परदेशी संस्थेच्या प्रश्नावर लिहितो. मायकेल जे. फॉक्स या हॉलिवूडच्या अभिनेत्याला १९९१ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी याच आजाराचे निदान झाले. १९९८ साली त्याने ते जाहीर केले आणि २००० साली संस्था सुरू झाली. आतापर्यंत दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम तिने संशोधनाला दिली आहे. मला तिची एक गोष्ट विशेष भावते : गंगाजळी साठवून व्याजावर काम करण्यापेक्षा आलेला पैसा लवकरात लवकर कामाला लावण्याचे तिचे धोरण आहे.

या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम मात्र औषधाचे नाही. २०१० पासून तिने रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्यांचे रक्त, पाठीच्या कण्यातील द्रव, मेंदूच्या प्रतिमा साठवल्या आणि ती माहिती जगातल्या संशोधकांसाठी खुली ठेवली. त्यातून २०२३ साली १,१२३ जणांच्या द्रवाची तपासणी प्रसिद्ध झाली. या आजारात मेंदूत साचणारे, चुकीच्या घडीचे अल्फा-सिन्यूक्लीन प्रथिन ओळखणारी ती चाचणी रुग्णांमध्ये सुमारे ८८ टक्के वेळा बरोबर ठरली. जो आजार आजवर डॉक्टर मनगट हलवून आणि चाल पाहून ओळखत आले, त्याची जैविक खूण हाती आली. तेरा वर्षे कोणीतरी नमुने गोठवून ठेवण्याचे भाडे भरत राहिले, म्हणून हे घडले.

तरीही ताईंना माझा सल्ला असा की पैसे भारतातच द्यावेत. येथे ते समुद्रात ओंजळ टाकल्यासारखे होतील. आणखी एक व्यावहारिक बाब : आपल्या परदेशस्थ नातेवाइकांना या रकमेत भर घालायची असेल, तर त्यांचे नागरिकत्व विचारून घ्या. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी अंशदान धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे धरले जातात, आणि ते स्वीकारण्यासाठी संस्थेकडे तशी नोंदणी किंवा परवानगी असावी लागते.

दर्यावर्दी

माझी आई रत्नागिरीजवळच्या गावी असते आणि वैद्यांनी दिलेले कवचबीजाचे, म्हणजे खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण घेते. तिला त्याने बरे वाटते. आपल्याच परसातल्या वेलीवर मोठे संशोधन का झाले नाही, आणि ताईंचे पैसे त्यासाठी वापरता येणार नाहीत का?

काजवा

दर्यावर्दी, संशोधन झाले आहे, पण हवे तेवढे मोठे झालेले नाही. या बियांत लेव्होडोपाच असते आणि ते १९३७ साली मद्रासमध्ये दाखवले गेले. मुंबईच्या डॉक्टरांनी १९७८ साली रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९९५ साली त्यापासून बनवलेल्या भुकटीची ६० रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली, आणि २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर, कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवून केलेल्या चाचणीत तिचा परिणाम लवकर सुरू होऊन अधिक वेळ टिकल्याचे दिसले. फक्त आठ रुग्ण. जिच्यावर कोणाचाही एकाधिकार असू शकत नाही अशा वनस्पतीच्या मोठ्या चाचणीत कंपनी पैसे का घालील? येथे लोकांचा आणि सरकारचा पैसा लागतो. मोठ्या चाचणीला सहा लाख पुरणार नाहीत, हे मात्र सांगायला हवे. तुमच्या आईंच्या न्यूरॉलॉजिस्टना चूर्णाविषयी अवश्य सांगा; गोळी आणि चूर्ण मिळून लेव्होडोपाची मात्रा नकळत वाढते.

हाच अडथळा ॲम्ब्रोक्सॉलपुढे होता. आपल्याकडे खोकल्याच्या औषधात सर्रास असणारे हे द्रव्य पेशींतील कचरा निस्तरणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) मदत करते. ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर त्याची मोठी चाचणी २०२५ साली सुरू झाली आणि तिच्यामागे मुख्यतः धर्मादाय संस्थांचा पैसा आहे. कृपया कोणी घरी प्रयोग करू नये. तेथील मात्रा खोकल्याच्या मात्रेच्या कितीतरी पट आहे.

पाटस्थळ

मी द्राक्षबागायतदार आहे. वरील सर्व चर्चा उपचारांवर आहे आणि कारणांवर फारच थोडी आहे, याची खंत वाटून लिहितो. माझ्या चुलत्यांनी तीस वर्षे पाठीवर पंप घेऊन फवारणी केली आणि त्यांना हा आजार झाला. त्यांना तो फवारणीमुळेच झाला असे मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नाही. परंतु पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि कंपवाताचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, आणि आपल्याकडे ते दुकानात मिळते. अमेरिकेत एका लष्करी तळावरील पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे औद्योगिक द्रावक (सॉल्व्हंट) मिसळले होते. तेथे राहिलेल्या सैनिकांना या आजाराचा धोका ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हे कळू शकले, कारण कोण कोणत्या तळावर किती काळ होता याच्या नोंदी तेथे होत्या. आमच्या तालुक्यात कोणी कोणत्या वर्षी काय फवारले याची नोंद कोण ठेवतो? मला वाटते, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने दोन-तीन गावांत घरोघर जाऊन नीट सर्वेक्षण केले, तर त्यासाठी सहा लाख ही रक्कम हास्यास्पद ठरणार नाही.

अबोली_पुणे

पाटस्थळ यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. घरोघर जाऊन केलेल्या अशा पाहणीचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतील १४,०१० लोकांची पाहणी करून १९८८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि लाखामागे ३२८ जणांना हा आजार असल्याचे सांगितले. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्यामुळे वयाचा हिशेब लावल्यावर आकडा खाली येतो, तरी या आजाराच्या भारतीय लेखांत आजही त्या पाहणीचा दाखला दिला जातो.

आणखी एक सांगायचे राहिले. भारतीय रुग्णांच्या जनुकांच्या अभ्यासासाठी १०,००० रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक गोळा करण्याचा जो बहुकेंद्री प्रकल्प आहे, तशाच एका अभ्यासासाठी यजमानांनी रक्त दिले होते. नळी भरताना त्यांचा हात इतका थरथरत होता की परिचारिकेने तो आपल्या गुडघ्यावर धरून ठेवला. परतताना ते म्हणाले, "आज मी काहीतरी दिले." त्या दिवशी ते फार आनंदात होते. हे आठवल्यावर माझे पहिले मत थोडे सैल झाले आहे.

काजवा

आणि त्या नमुन्यांना पर्याय नाही. पाश्चात्त्यांत वारंवार आढळणारा, या आजाराशी निगडित एलआरआरके२ जनुकातील बदल भारतीयांत क्वचितच सापडतो. मुख्यतः नायजेरियातील रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा, आफ्रिकी वंशाच्या लोकांतच प्रामुख्याने दिसणारा जीबीए१ जनुकातील एक नवा बदल २०२३ साली उजेडात आला. युरोपातील लाखो नमुन्यांतून तो कधीच हाती लागला नसता. आपल्या लोकांत काय दडले आहे, ते आपल्या लोकांच्या रक्तातूनच कळेल. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून दान मिळालेल्या मेंदूंचा संग्रह आहे, तोही असाच आधार आहे. आपल्याकडे मेंदूदानाविषयी घरात बोलणे अवघड जाते, आणि मृत्यूनंतर काही तासांतच ते व्हावे लागते, म्हणून महाराष्ट्रातल्या कुटुंबांना तेथपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. तशी सोय आपल्याकडे उभी राहावी, असे मला फार मनापासून वाटते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाशी आणि आईशी बोलून आम्ही असे ठरवले आहे. पाच लाख रुपये रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या भारतातील एखाद्या अभ्यासाला, मनुष्यबळासाठी म्हणून, दोन हप्त्यांत द्यायचे. उरलेले एक लाख अबोलीताईंनी सांगितलेल्या आधारगटाच्या कामाला. चिठ्ठीत "शोध" लिहिले असताना हा एक लाख वेगळा काढणे योग्य का, यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी आईने सांगितले की शेवटची चार वर्षे त्यांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीची ते खिडकीत उभे राहून वाट पाहत असत. त्यावर कोणी काही बोलले नाही.

दोन संस्थांना आम्ही पत्रे लिहिली असून तीन गोष्टी विचारल्या आहेत : रकमेतून प्रशासकीय खर्चासाठी किती कापले जाते, नैतिकता समितीची मान्यता कोणत्या तारखेची आहे, आणि गोळा केलेली माहिती इतर संशोधकांना खुली केली जाते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नसेल तेथे आम्ही देणार नाही.

वह्यांविषयी एका संस्थेने स्वतःहून विचारणा केली. गोळ्यांच्या वेळा आणि त्यांचा परिणाम यांची इतकी वर्षे सलग नोंद, आणि तीही आकसत जाणाऱ्या अक्षरासह, त्यांना अभ्यासण्याजोगी वाटते. म्हणून मी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेण्यास सुरुवात केली आहे. तीन वह्या झाल्या. चौथ्या वहीची सुमारे चाळीस पाने पावसात भिजली होती. तेथील पेन्सिलीचे अक्षर इतके पुसट आहे की छायाचित्रात कोरा कागद दिसतो. यावर कोणास काही उपाय ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

काजवा

ताई, खोलीत अंधार करून दिवा कागदाच्या एका कडेला, जवळजवळ कागदाच्या पातळीत ठेवा आणि छायाचित्र वरून घ्या. पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खाचा सावलीने उठून दिसतात. पान इस्त्रीने सपाट करू नका, खाचा जातील. एकदा दिवा डावीकडून आणि एकदा वरच्या कडेने ठेवून प्रत्येक पानाची दोन छायाचित्रे घ्या. वडिलांचा हात कोणत्या दिशेने थरथरत होता, ते कदाचित त्या दोहोंतील फरकावरूनही कळेल.